बर काढण्यापूर्वी विचारावयाचे चार प्रश्न

यंत्रशाळेत कामांची एक अलिखित उतरंड असते. लेथ चालविणारा मानाचा, मिलिंगवाला त्याच्या बरोबरीचा, आणि तयार जॉबच्या कडा घासून साफ करणारा पोरगा सर्वांत खालचा. आय.टी.आय.मधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी एखादे पॅड किंवा एमरीचा तुकडा देतात आणि ‘एवढे बर काढून टाक’ म्हणून सांगतात. कोणते पॅड, तेच का, किती दाबावे, कोठे थांबावे, हे कोणी सांगत नाही. कारण हे काम शिकविण्यासारखे आहे असेच कोणास वाटत नाही.

वस्तुस्थिती याच्या उलट आहे. तासन्‌तास खपून घडविलेला जॉब पास व्हावयाचा की भंगारात जावयाचा, हे पुष्कळदा याच शेवटच्या पाच मिनिटांत ठरते. आणि नवख्या कामगाराचे बोट कापते किंवा डोळ्यात कण जातो तो प्रसंगही बहुधा याच कामावर येतो. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छे येथे ज्यांच्या घरची मुले ओतशाळांत, लेथवर, हायड्रॉलिक यंत्रांच्या जुळणीवर काम करीत आहेत, अशी कुटुंबे या स्मरणिकेच्या वाचकांत पुष्कळ असतील. त्यांच्यासाठी, आणि स्वतःचे लहानसे शेड टाकू पाहणाऱ्या तरुणांसाठी, या साध्या दिसणाऱ्या विषयाची थोडी फोड येथे केली आहे.

बर म्हणजे काय, आणि तो घासतो कोण?

धातू कापताना, भोक पाडताना किंवा पत्रा छाटताना हत्यार धातूच्या कडेपाशी पोहोचते तेव्हा शेवटचा थर कापला न जाता बाहेर वाकतो. कडेला राहिलेली ही पातळ, धारदार कोर म्हणजे बर. हत्यार बोथट असले की बर मोठा होतो. धातू लवचीक असेल, उदाहरणार्थ ॲल्युमिनियम, तांबे किंवा मऊ पोलाद, तर तो लांब वाकतो. बिडासारखा ठिसूळ धातू वाकण्याऐवजी तुटतो, म्हणून त्याला बर कमी येतो. मात्र कडेचा टवका उडण्याची भीती असते.

बर घासून काढणारे खरे हत्यार म्हणजे पॅड नव्हे, तर पॅडवरील कण होय. ही विद्या आपल्याकडे नवी नाही. कुरुंदाची पूड लाखेत घोटून केलेल्या साणेवर आपल्याकडील शिकलगार पिढ्यान्‌पिढ्या हत्यारांना धार लावीत आले. ‘कोरंडम’ हा आज जगभर रूढ असलेला शब्दही मूळचा दक्षिण भारतीय भाषांतला आहे. एमरी म्हणजे कुरुंद व लोहखनिज यांचे नैसर्गिक मिश्रण. ग्रीसचे नॅक्सोस बेट त्यासाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. पुढे १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन याला विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड सापडले आणि त्याने त्याला ‘कार्बोरंडम’ हे नाव दिले. कोल्हापूर जिल्ह्यात सापडणारे बॉक्साइट बेळगावकरांना माहीत आहेच. तसल्याच बॉक्साइटपासून विजेच्या भट्टीत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण बनू लागले. भारतातही १९४१ मध्ये ग्राइंडवेल आणि १९५४ मध्ये मद्रासची कार्बोरंडम युनिव्हर्सल या कंपन्या निघाल्या.

आज बाजारात मुख्यतः चार जातींचे कण मिळतात. ॲल्युमिनियम ऑक्साइड चिवट असतो आणि पोलादाच्या सर्वसाधारण कामास उत्तम. सिलिकॉन कार्बाइड त्याहून कठीण व तीक्ष्ण, पण ठिसूळ. बीड, पितळ, ॲल्युमिनियम व बारीक पॉलिश यांना तो मानवतो. झिर्कोनिया व सिरॅमिक हे कण झिजताना तुटून नवी धार दाखवितात. ते महाग असतात, आणि पुरेसा दाब मिळाला तरच आपला गुण दाखवितात. हलक्या हाताच्या कामावर त्यांची किंमत वाया जाते.

हे कण कशावर बसविले आहेत त्यावरून साधनाची जात ठरते. कागद, कापड किंवा फायबर यांवर चिकटविले तर एमरी पेपर, सँडिंग डिस्क, फ्लॅप डिस्क. नायलॉनच्या गुंतवळीत राळेने चिकटविले तर ज्याला आपण सरसकट ‘स्कॉचब्राइट’ म्हणतो ते पॅड. हा मूळ थ्रीएम कंपनीचा माल, परंतु आता ते जातिवाचक नावच होऊन बसले आहे. स्वयंपाकघरातील हिरवी घासणी हे त्याच कुळातील. या दोन कुळांतील फरक नीट लक्षात घ्यावा. कापड-कागदावरील कण सपाट पाठीवर घट्ट बसलेले असतात, म्हणून ते धातू कापतात व जॉबचे माप बदलू शकतात. नायलॉनच्या पॅडमधील तंतू दाबले की मागे सरतात; म्हणून ते पॅड उंचावलेला बर घेते, पण मूळ पृष्ठभागाला फारसे खोल लागत नाही. फ्लॅप डिस्क हा सुतार समजला तर नायलॉनचे पॅड हा रंगारी समजावा. एकाचे काम दुसऱ्याला दिले की दोघेही बिघडवितात.

पहिला प्रश्न : बर केवढा आहे?

बराची उंची नव्हे, तर त्याच्या मुळाची जाडी पाहावी. उंच पण पापुद्र्यासारखा पातळ बर नायलॉनच्या पॅडने दोन फेऱ्यांत जातो. ठेंगणा पण मुळाशी जाड बर पॅडने घासत बसलात तर पॅडचे तुकडे होतील, बर तेथेच राहील. गॅसने कापलेल्या प्लेटची कड किंवा ओतकामाची जाड कोर यांना प्रथम ग्राइंडर, कानस किंवा फ्लॅप डिस्क हवी. पॅडची पाळी त्यानंतर येते.

जोराने ग्राइंडर मारला की एका कडेचा बर जाऊन पलीकडच्या कडेला नवा बर उभा राहतो. नवख्या मुलाला वाटते की काम झाले. तपासनीस जॉब उलटा करून परत पाठवितो. म्हणून जाड बर काढल्यावर त्या कडेच्या दोन्ही अंगांवरून बारीक पॅडचा हलका हात फिरविणे हा कामाचाच भाग समजावा.

बर गेला की नाही हे बोट फिरवून पाहू नये. कापसाचा लहान बोळा कडेवरून फिरवावा. बर असेल तर कापसाचे तंतू त्यात अडकतात. या युक्तीला काही खर्च नाही आणि बोट शाबूत राहते.

दुसरा प्रश्न : धातू कोणता?

साध्या पोलादाला ॲल्युमिनियम ऑक्साइडचे पॅड बहुतेक वेळा पुरते.

स्टेनलेस स्टीलची गोष्ट वेगळी. ते गंजत नाही याचे कारण त्यातील क्रोमियम. त्यामुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. जे पॅड किंवा जी डिस्क साध्या लोखंडावर वापरली तीच स्टेनलेसवर वापरली तर लोखंडाचे कण त्यात रुततात. जॉब रवाना होताना चकचकीत दिसतो. पावसाळ्यात गिऱ्हाइकाकडे त्यावर तांबूस ठिपके उमटतात, आणि मग ‘माल बनावट होता’ असा ठपका येतो. माल बनावट नसतो, पॅड उष्टे असते! म्हणून स्टेनलेससाठी पॅड, डिस्क व ब्रश निराळ्या डब्यात ठेवावेत, डब्यावर रंगाने खूण करावी आणि ते लोखंडाला कधीही लावू नयेत. लोह, गंधक व क्लोरीन यांपासून मुक्त असल्याचे लेबलावर लिहिलेला माल यासाठी घ्यावा. घासताना कडेला निळा-पिवळा रंग आला तर उष्णता फार झाली असे समजावे. तेवढ्या भागाचे गंजरोधक बळ कमी झालेले असते.

ॲल्युमिनियम मऊ आहे. त्याचा कीस कणांच्या मधल्या जागेत भरतो आणि डिस्क काचेसारखी गुळगुळीत होऊन कापणे सोडते. यासाठी विरळ कणांची, किंवा वरून कोरडे वंगण चढविलेली डिस्क घ्यावी, अथवा मेणाची कांडी लावावी. पोलादासाठी असलेल्या बेंच ग्राइंडरच्या दगडावर ॲल्युमिनियम मुळीच धरू नये. दगड भरून तापतो व फुटू शकतो. शिवाय ॲल्युमिनियमची बारीक धूळ स्फोटक असते. ती लोखंड घासण्याच्या जागी, जेथे ठिणग्या उडतात तेथे, साठू देणे म्हणजे घरात दारूगोळा ठेवण्यासारखे आहे. पाण्याने भिजलेली ॲल्युमिनियमची धूळ बंद डब्यात कोंडूनही ठेवू नये, कारण तीतून हायड्रोजन वायू सुटतो. हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग बनू लागल्यापासून बेळगाव जिल्ह्यात ॲल्युमिनियमचे काम चांगलेच रुजले आहे. तेव्हा हा इशारा विशेष जपावा.

बिडाला सिलिकॉन कार्बाइड चांगले लागू पडते. परंतु ओतशाळेतून आलेल्या कास्टिंगवर वाळू चिकटून राहिलेली असेल तर ती घासताना सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ उडते. ती छातीत बसली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग जडतो, आणि त्याने झालेली हानी कोणत्याही औषधाने भरून येत नाही. येथे तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क व धूळ ओढून घेणारा पंखा यांचीच गरज असते.

तिसरा प्रश्न : या कडेचे पुढे काय होणार?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत कमी विचारला जाणारा.

दोन उदाहरणे पाहू. रंग देऊन पावसात उभा राहावयाचा एखादा लोखंडी सांगाडा घ्या. त्याची कड धारदार राहिली तर ओला रंग कडेवरून मागे ओढला जातो, तेथे थर पातळ बसतो आणि गंज तेथूनच सुरू होतो. म्हणून चांगल्या रंगकामासाठी कड गोल करावी लागते. कडक परिस्थितीतील कामाला सुमारे २ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई मागतात. येथे जाड कणांची फ्लॅप डिस्क हवी. पॅडने नुसते कुरवाळून उपयोग नाही.

आता हायड्रॉलिक व्हॉल्व्हचा स्पूल घ्या. स्पूल आणि त्याचे भोक यांच्यामधील फट अवघ्या काही मायक्रॉनांची असते. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. बराचा एक कण सुटून तेथे शिरला तर स्पूल अडकतो, आणि त्यावर उचललेले ओझे जागच्या जागी थांबते किंवा भलत्या वेळी हलते. तेव्हा बर तर गेलाच पाहिजे. पण त्याच स्पूलची कड तेलाचा प्रवाह मोजत असते. ती गोल झाली तर व्हॉल्व्हची अचूकता गेली. म्हणजे कड धारदारही हवी आणि निर्बरही हवी. येथे अतिसूक्ष्म जातीचे साधन, थोडे तेल, कमी दाब आणि मोजक्या फेऱ्या एवढेच चालते. नंतर जॉब नीट धुतलाही पाहिजे, कारण पॅडमधून सुटलेला कण हा बराइतकाच शत्रू आहे.

दोन्ही कामांचे नाव ‘बर काढणे’ हेच; साधने मात्र अगदी भिन्न. ड्रॉइंगवर कडेसाठी काय लिहिले आहे ते वाचल्यावाचून पॅडला हात लावू नये. काही लिहिले नसेल तर विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

पृष्ठभागाच्या बाबतीतही हेच. दुधाच्या व खाद्यपदार्थांच्या यंत्रांत पदार्थाला स्पर्श करणाऱ्या भागाचा सरासरी खडबडीतपणा सामान्यतः ०.८ मायक्रॉनच्या आत मागतात; कारण खोल ओरखड्यांत जंतू राहतात व धुण्याने निघत नाहीत. तेथे नुसती चमक पाहून चालत नाही. बफिंगने खोल ओरखड्यावरही चमक येते, पण ओरखडा खाली तसाच असतो.

म्हणून जाड कणांकडून बारीक कणांकडे पायरीपायरीने यावे. ६० नंतर १२०, मग २४०, असा क्रम ठेवावा. मधली पायरी गाळली तर बारीक पेपरला जाड पेपरचे ओरखडे काढता येत नाहीत. प्रत्येक पायरीवर घासण्याची दिशा बदलावी. आधीच्या दिशेचा एकही ओरखडा दिसेनासा झाला की ती पायरी पुरी झाली.

येथे आकड्यांविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आकडा मोठा तितका कण बारीक, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु आकड्याच्या आधी ‘पी’ असणे व नसणे यांत बारीक जातींमध्ये मोठा फरक पडतो. ‘पी’ असलेला आकडा युरोपीय मोजणीचा असतो. नुसता आकडा पुष्कळदा अमेरिकन मोजणीचा. अमेरिकन ३२० हा साधारण पी-४०० एवढा असतो, आणि अमेरिकन ६०० हा साधारण पी-१२०० एवढा. नायलॉनच्या पॅडवर तर पुष्कळदा आकडाच नसतो. मध्यम, बारीक, अतिबारीक अशी नावे असतात. तपकिरी, किरमिजी, निळा, राखाडी हे रंग प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीने वापरते. रंग पाहून नव्हे, लेबल वाचून माल घ्यावा.

चौथा प्रश्न : यंत्राचा वेग किती?

हातातील १०० मिलिमीटरचा ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. हिशेब करून पाहा : डिस्कचा परीघ ०.३१४ मीटर, त्याला ११,००० ने गुणले की मिनिटाला सुमारे ३,४५४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २०७ किलोमीटर! आपल्या हातात धरलेल्या डिस्कची कड या वेगाने धावत असते. तिचा तुकडा निघाला तर तोही याच वेगाने सुटतो.

म्हणून डिस्कवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी असेल तर ती डिस्क त्या यंत्राला लावूच नये. गार्ड काढून मोठी डिस्क बसविणे हा तर जिवाशी खेळ. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३० व्या कलमाने, दगडाचा सुरक्षित वेग दाखविणारी पाटी प्रत्येक ग्राइंडिंग यंत्राजवळ लावण्याचे बंधन घातले होते, ते उगाच नव्हे. आपल्या शेडमध्ये दोनच माणसे असली तरी ही पाटी असावी.

नायलॉनच्या पॅडला तर कमी वेगच मानवतो. फार वेगात व फार दाबून चालविले की नायलॉन व राळ तापून वितळतात आणि धातूवर डाग धरतात. त्यावर रंग किंवा मुलामा नीट बसत नाही. पॅड कापत नाही असे वाटले तर दाब वाढवू नये. एक जात जाड पॅड घ्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाची सूचना. फिरत्या लेथवरील जॉबला हातात एमरीची पट्टी धरून घासण्याची सवय पुष्कळ शेडांत आहे. पट्टी जॉबभोवती गुंडाळली जाऊन बोट किंवा अख्खा हात ओढला जातो. ब्रिटनच्या कामगार-सुरक्षा खात्याने याविरुद्ध स्वतंत्र मार्गदर्शन काढले आहे. पॉलिश करणे टाळता येत नसेल तर पट्टी लाकडी पाठीवर किंवा दांड्यावर बसवावी. ती बोटाभोवती कधीही गुंडाळू नये, आणि फिरत्या जॉबजवळ हातमोजे व सैल बाह्या नसाव्यात. हातात ग्राइंडर धरताना मात्र हातमोजे हवेतच. डोळ्यांचा चष्मा दोन्ही ठिकाणी हवा.

स्वस्त कोणते?

शेवटी पैशाची गोष्ट. मानू या की एक डिस्क ३० रुपयांस मिळते व दहा जॉब करते. दुसरी ७५ रुपयांस मिळते व चाळीस जॉब करते. पहिलीचा खर्च दर जॉबला ३ रुपये, दुसरीचा १ रुपया ८८ पैसे. पहिली बदलण्यात गेलेला वेळ याहून निराळा. म्हणून खरेदीची वही डिस्कच्या किमतीवर नव्हे, तर दर जॉबच्या खर्चावर लिहावी. यासाठी एक सोपा उपाय आहे. प्रत्येक शेडमध्ये एक नमुन्याची पाटी करावी : पोलाद, स्टेनलेस, ॲल्युमिनियम व बीड यांचे तुकडे, प्रत्येकावर कोणत्या पॅडने काय पृष्ठभाग आला ते, आणि खाली किती जॉब झाले तो आकडा. नवीन मुलगा आला की त्याला प्रथम ही पाटी दाखवावी.

बर केवढा, धातू कोणता, कडेचे पुढे काय होणार, आणि यंत्राचा वेग किती, हे चार प्रश्न विचारून जे सर्वांत सौम्य साधन काम पुरे करील तेच उचलावे. कारण कमी घासले तर पुन्हा घासता येते, जास्त घासलेला धातू परत येत नाही. एवढे तारतम्य ज्या मुलाला पहिल्या महिन्यात मिळाले तो पुढे लेथवर गेला तरी कडेकडे पाहावयास विसरत नाही. ते त्याला देणे हे वरिष्ठ कारागिराचे आणि मालकाचे काम आहे. आपापल्या शेडमधील सर्वांत धाकट्या मुलाला उद्या सकाळी हे चार प्रश्न समजावून सांगितले, तर त्याच्या हाताची दहा बोटे आणि आपला माल दोन्ही शाबूत राहतील.